मागच्या छपराची तुटक रेष

“मागचं ते पाडलं, की पार्किंगला जागा होईल.”

हे वाक्य आम्हाला ऐकवण्यासाठी नव्हतं. बोलणाऱ्या गृहस्थांना आपला माइक बंद आहे असं वाटत होतं आणि ते शेजारी बसलेल्या बायकोशी हळू आवाजात बोलत होते. स्क्रीनवर नऊ चौकोन होते. आठ चौकोनांत अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका लहान गावाची संध्याकाळ होती आणि नवव्या चौकोनात सिंगापूरच्या तांजोंग पगारमधल्या आमच्या ऑफिसातली दुसऱ्या दिवशीची सकाळ. माझी बॉस वेंडी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप घेऊन बसली होती. तिच्या शेजारी मी, हातात माउस. नकाशा दाखवायचं काम माझ्याकडे होतं, बोलायचं तिच्याकडे.

वेंडी माझ्याकडे बघून हसली. “पार्किंग! एव्हरीव्हेअर ऑल्सो सेम, ला.” आमचा माइक खरंच बंद होता.

‘मागचं ते’ म्हणजे एका लाकडी घराचं स्वयंपाकघर. अमेरिका नावाचा देश व्हायच्या आधी बांधलेलं ते घर आता गावाच्या मालकीचं होतं, आणि त्याचा मागचा भाग ठेवायचा की पाडायचा एवढंच त्या सभेत ठरायचं होतं. घराचे नकाशे मी काढले होते. निर्णय होणार होता तो त्या नकाशातल्या एका रेषेवरून, आणि ती रेष चुकीची असावी असा मला दोन दिवसांपासून संशय होता.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितलं, तेव्हा मी या घराबद्दल लिहिणार नव्हते. पाचव्या वर्षापासून मी सिंगापूरमध्ये आहे, शाळा सगळी इंग्रजी. मराठी घरात बोलते, लिहिते क्वचितच. नोकरीलाही जेमतेम सात वर्षं झाली आहेत. या अंकात दरवर्षी लिहिणाऱ्या निवृत्त काकांसारखा माझ्याकडे साठा नाही. शॉपहाउसच्या, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा इथल्या जुन्या इमारतींच्या, दोन-चार गमती लिहून मोकळी होईन, असं ठरवलं होतं. त्या गमतीही लिहिते, पण मग उरलेलंही लिहायला हवं.

माझं काम असं आहे. नवीन इमारत असली की नकाशा आधी होतो आणि घर नंतर. आमच्याकडे घर आधीपासून असतं, शंभर वर्षांचं, दीडशे वर्षांचं, आणि त्याचा नकाशा कुणाकडेच नसतो. दुरुस्ती करायची तर आधी आहे ते नीट कागदावर यायला हवं. त्यासाठी तीन पायांवर उभं राहणारं एक यंत्र घरात ठेवतात. ते स्वतःभोवती फिरतं आणि चहूकडे लेझरचे किरण सोडतं. किरण जिथे आपटेल तिथला एक ठिपका नोंदला जातो. एका खोलीत असे लाखो ठिपके. घरभर यंत्र फिरवून झालं की संगणकावर ते घर रांगोळीच्या कणांनी केल्यासारखं तरंगत दिसतं. भिंतीतून आरपार जाता येतं, जमिनीखालून वर बघता येतं. त्या ठिपक्यांवरून रेषा काढायच्या, हे माझं काम. दिवसाचे आठ तास कुणाशी बोलावं लागत नाही. मला ते आवडतं.

यंत्रासमोर जे असेल ते सगळं नोंदलं जातं, माणसंसुद्धा. ‘हलू नका’ असं सांगितल्यावर एक अंकल हातात कोपी भरलेली पिशवी घेऊन इतक्या निष्ठेने उभे राहिले, की नंतर मला त्यांना ठिपक्या-ठिपक्याने पुसून काढावं लागलं. पिशवी आधी गेली, मग पोट, शेवटी चपला. एका आंटीने तर माझा नकाशा बघून मला समोर बसवून झापलं. तिच्या घराची बाजूची भिंत वर जाता जाता बाहेर झुकली होती आणि मी ती झुकलेलीच दाखवली होती.

“माय वॉल नॉट क्रुकेड. यू ड्रॉ क्रुकेड!”

वेंडीने तिला भिंतीला ओळंबा लावून दाखवला. आंटीने तो दोरा बोटाने सरळ करायचा प्रयत्न केला. त्या दिवशी ऑफिसात सगळे हसले, मीही हसले. मनातून मात्र मला अभिमान वाटला होता. भिंत जशी होती तशी मी काढली होती.

यंत्राला एक गोष्ट जमत नाही. कपाटामागे, खोक्यांमागे, छताच्या फळ्यांवर काय आहे, ते त्याला दिसत नाही. तिथे ठिपकेच नसतात, नुसता काळा डाग असतो. आम्ही त्याला सावली म्हणतो. सावलीतून रेष न्यायची असेल तर ती तुटक काढायची आणि बाजूला बारीक अक्षरांत ‘गृहीत’ असं लिहायचं. याचा अर्थ, इथे काय असावं याचा मी अंदाज केलाय, पाहिलेलं नाही. आमच्या धंद्यात शिकवला जाणारा हा पहिला नियम आहे. नकाशात तुटक रेषा फार झाल्या तर गिऱ्हाइकाला काम अर्धवट वाटतं, हे मात्र शिकवावं लागत नाही.

कनेटिकटच्या घराचे स्कॅन तिथल्याच लोकांनी करून पाठवले होते; ठिपके मिळाले की नकाशे कुठूनही काढता येतात. पुढून पाहिलं तर लहान मूल काढतं तसं घर. मधोमध दार, दोन्ही बाजूंना खिडक्या, वर खिडक्यांची आणखी एक ओळ आणि आढ्याच्या मध्यावर जाडजूड धुराडं. बाजूने पाहिलं की चेहरा बदलतो. पुढची भिंत दोन मजली आणि मागची जेमतेम माणसाच्या उंचीची. त्यामुळे छपराचं पुढचं पाखं आखूड आणि मागचं लांबच लांब खाली उतरलेलं. तिकडे पूर्वी मीठ ठेवायला उतरत्या झाकणाची लाकडी पेटी असे. तिच्यासारखा आकार म्हणून अशा घरांना सॉल्टबॉक्स म्हणतात. मी आईला चित्र दाखवलं तर ती म्हणाली, “मागच्या बाजूने कुणी बसलंय का गं त्याच्यावर?”

आत सगळं घर त्या धुराड्याभोवती उभं होतं. विटांचा तो ढीग तळाशी आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटमधल्या माझ्या खोलीएवढा होता. त्याला तीन तोंडं, म्हणजे तीन शेकोट्या होत्या. दोन पुढच्या खोल्यांत आणि तिसरी, सर्वांत मोठी, मागच्या स्वयंपाकघरात. जिना धुराड्याच्या पुढ्यात कसाबसा कोंबलेला, तीनदा वळणारा. खांब आणि तुळया एकमेकांत अडकवून लाकडी खुंट्यांनी पक्क्या केलेल्या. प्रत्येक सांधा हाताने कापलेला, त्यामुळे एका खांबाची तुळई दुसऱ्या खांबात बसत नाही. कुठली कुठे बसवायची ते कळावं म्हणून सुताराने दोन्हींवर सारखी खूण कोरलेली असे. तीन उभे चरे आणि एक तिरका, अशी एक खूण मला ठिपक्यांत सापडली, आणि तुळईच्या टोकावर तिची जोडीही. वेंडीला न बोलावता मी बराच वेळ एकटीच ते बघत बसले.

स्वयंपाकघरात जाताना एक पायरी खाली उतरावी लागे. तिथला उंबरा मधोमध झिजून वाटीसारखा खोल झाला होता. तोही मी जसाच्या तसा काढला. त्या घराचा वास कसा आहे, फळ्या कुठे वाजतात, मला माहीत नाही. पण डोळे बांधून आत सोडलं असतं तर मी उंबऱ्याला ठेचकाळले नसते.

आता मुद्द्याचं. अशी घरं दोन प्रकारे तयार झाली. बहुतेक ठिकाणी आधी फक्त पुढच्या खोल्या बांधल्या गेल्या आणि कुटुंब वाढल्यावर मागे हा उतरता भाग जोडला गेला. थोडीच घरं अशी, की पहिल्या दिवसापासून याच आकारात उभी राहिली. ओळखायची खूण छपरात असते. मागचा भाग नंतर जोडलेला असेल तर जुने वासे मधल्या भिंतीवर संपतात आणि तिथून पुढे दुसरे वासे सुरू होतात. मूळचाच असेल तर आढ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत एकच सलग वासा जातो. वासा, आढं, पाखं हे शब्द मला आईने दिले. ऑफिसात आम्ही राफ्टर म्हणतो.

गावाच्या समितीला घर लोकांसाठी उघडायचं होतं. त्यासाठी चाकाच्या खुर्चीचा उतार, स्वच्छतागृहं आणि गाड्यांना जागा हवी होती. मागचा भाग नंतरचा असेल तर तो पाडून ही सोय करायची, मूळचा असेल तर हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ठरवलं होतं ते योग्यच होतं.

आणि नेमक्या त्याच जागी सावली होती. मधल्या भिंतीच्या वर, माळ्यावर, घरातल्या माणसांनी दोन पिढ्यांची खोकी छपरापर्यंत रचून ठेवली होती. वासे त्या खोक्यांमागे जात होते आणि खाली स्वयंपाकघराच्या छतामागे गडप होत होते. बाहेरून छपरावर फळ्यांचे थरावर थर होते. त्यातून एवढंच दिसत होतं की त्या रेषेत छप्पर किंचित दबलंय.

मला एक मेल लिहायची होती. खोकी हलवून तिथला एक स्कॅन परत कराल का? दोन ओळींची मेल. मी ती तीनदा लिहिली. त्या लोकांनी इतक्या लांबून एवढं व्यवस्थित काम करून पाठवलेलं, त्यात मी चूक काढतेय असं त्यांना वाटेल, असं मला वाटलं. पुढच्या मीटिंगमध्ये सहज विचारू, असं ठरवून मी ती पुसली. मीटिंगमध्ये विचारलं नाही. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी एकच शेरा असायचा, शी शुड स्पीक अप मोअर. आई तो वाचून सही करायची आणि म्हणायची, “घरात बोलते की.”

मेल पाठवली नाही, मग अंदाज करणं आलं. इथे माझ्या हाताने मला फसवलं. सात वर्षं मी शॉपहाउस काढत आले आहे. शॉपहाउसमध्ये पुढे उंच इमारत असते आणि मागे स्वयंपाकघर, बहुतेक वेळा नंतर वाढवलेलं, त्याचं छप्पर वेगळं आणि खालच्या पातळीवर. मागचं स्वयंपाकघर म्हटलं की माझा हात आपोआप छप्पर तोडतो. कनेटिकटच्या छपरातला तो दबलेपणा बघितला आणि मला वाटलं, हाच सांधा. वरचा वासा मी भिंतीवर संपवला, खाली दुसरा सुरू केला. रेष तुटक काढली. बाजूला ‘गृहीत’ लिहिलं.

नकाशे पाठवायच्या दिवशी वेंडी माझ्या टेबलामागे येऊन उभी राहिली.

“डॅश लाइन व्हाय सो मेनी? क्लायंट थिंक वुई नेव्हर फिनिश. धिस वन कन्फर्म ऑर नॉट?”

मी म्हणाले, “कॅन.” इथे त्याचा अर्थ हो.

आणि माझ्याच हाताने ती रेष सलग केली. ‘गृहीत’ पुसलं. ही चूक मी वेंडीवर ढकलू शकत नाही. तिने मला विचारलं होतं.

मग सभेच्या दोन दिवस आधी मी गावकऱ्यांना दाखवायला घराची एक छोटी फिल्म बनवत होते. दारातून आत, जिन्याने वर, तिथून माळ्यावर. कॅमेरा वळवताना दोन खोक्यांमधल्या फटीत मला ठिपक्यांची एक पट्टी दिसली. चार बोटं रुंद, फार तर. आधी ती मी नको असलेला कचरा समजून सोडून दिली असणार. मी वरच्या वाशाची कड पुढे वाढवून पाहिली. ती बरोबर त्या पट्टीवरून गेली, मधल्या भिंतीच्याही पुढे, कुठेही न मोडता. माझा नकाशा खरा असता तर तिथे वासा असायलाच नको होता.

ते दृश्य मी वेगळं साठवून ठेवलं आणि फाइलला ‘चेक’ असं नाव दिलं. स्वतःला म्हटलं, एखादी फळी पडलेली असेल. दोन दिवस तेच म्हणत राहिले.

तर सभा. पार्किंगवाल्या गृहस्थांना कुणीतरी माइकची आठवण केली, ते ओशाळले, सगळे हसले. समितीच्या अध्यक्षबाई पूर्वी शाळेत शिकवत असाव्यात, त्या तसं हळू आणि स्पष्ट बोलत. त्यांनी माझा नकाशा पडद्यावर घ्यायला लावला. “इथे बघा, जुने वासे संपतात. इथून नवे सुरू होतात. म्हणजे मागचा भाग नंतरचा.”

तेव्हा खालच्या ओळीतल्या एका चौकोनातून आवाज आला. “माझे आजोबा म्हणायचे, स्वयंपाकघर घराबरोबरच आलंय.”

त्या मिस रूथ. ते घर ज्यांचं होतं त्या कुटुंबातल्या शेवटच्या. घर त्यांनीच गावाला देऊन टाकलं होतं आणि आता पलीकडच्या रस्त्यावर दोन खोल्यांत राहत होत्या. ऐंशीच्या पुढच्या. प्रत्येक सभेला कोटावर चांदीचं पान पिनेसारखं टाचून बसत. बोलताना स्क्रीनच्या इतक्या जवळ येत, की आम्हाला फक्त त्यांचं कपाळ दिसे.

“हो रूथ,” अध्यक्षबाई मऊपणे म्हणाल्या, “पण तशी नोंद कुठे सापडली नाही.”

“आजोबांनी नोंद कशाला करावी? ते छप्पर दुरुस्त करायला वर चढायचे.”

“घराण्यातल्या गोष्टी गोड असतात, रूथ. पण आता आपल्याकडे मोजमाप आहे.”

“मग त्या मुलीला विचारा,” मिस रूथ म्हणाल्या. “घर तिने काढलंय ना?”

माझा हात माउसवर होता. ‘चेक’ नावाची फाइल त्याच स्क्रीनवर, कोपऱ्यात होती. वेंडीने हात पुढे करून माइक चालू केला आणि मीटिंगसाठी ठेवलेल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, “नकाशे स्कॅनप्रमाणेच आहेत.”

“मी तिला विचारलं,” मिस रूथ म्हणाल्या.

वेंडी माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर दटावणी अजिबात नव्हती. ती वाट बघत होती. मी तेव्हा बोलले असते तर ती माझ्या बाजूने उभी राहिली असती, असं मला आज वाटतं. तेव्हा माझ्या मनात फक्त एवढंच होतं, की आठ अनोळखी माणसं माझ्या तोंडाकडे बघताहेत.

मी मान हलवली. होकाराची.

मिस रूथ खुर्चीत मागे टेकल्या. तेव्हा त्या सभेत पहिल्यांदा मला त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. “बरं,” त्या म्हणाल्या. मागचा भाग पाडायच्या बाजूने हात वर झाले, मोजायची गरज पडली नाही. मिस रूथनी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. त्या चांदीच्या पानाशी चाळा करत राहिल्या.

पुढचे काही आठवडे मी जुरोंग ईस्टमधल्या एका जुन्या गोदामाचे नकाशे काढत होते. ‘चेक’ फाइल उघडली नाही, पुसलीही नाही.

मग हॅलची मेल आली. हॅल म्हणजे मागचा भाग उतरवायचं काम ज्याच्याकडे दिलं होतं तो तिथला सुतार. आमची कधी ओळख झाली नव्हती. नकाशाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव आणि ऑफिसचा पत्ता असतो, तिथून त्याने मला शोधलं होतं. चार ओळी आणि एक फोटो.

‘तुझ्या नकाशात सांधा होता तिथे करवत लावली. पाच वासे कापले. प्रत्येक वेळी सांधा दिसेल म्हणून वाट बघत होतो, आलाच नाही. सहाव्याच्या आधी थांबलो आणि वरच्या सगळ्या फळ्या काढल्या. तुला बघायचं असेल असं वाटलं.’

फोटोत पाच वासे एका रेषेत कापलेले होते. कापलेल्या जागी लाकूड आतून मधासारखं पिवळं दिसत होतं. त्यांच्या पलीकडचे तीन मात्र आढ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत सलग गेले होते. त्यांतल्या एकाच्या पोटावर कोरलेली खूण होती, तीन उभे चरे आणि एक तिरका. हॅलने तिच्याखाली पेन्सिल धरली होती, मोठी किती आहे ते कळावं म्हणून.

कापलेल्या टोकांची रेष मी ओळखली. ती माझीच होती, जिथे काढली होती अगदी तिथेच. एवढं बरोबर कापणारा सुतार मी पाहिलेला नाही.

मी फोटो वेंडीला दाखवला. तिने कापलेली टोकं मोठी करून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “आय्यो.” थोड्या वेळाने तिने नकाशांच्या पहिल्या पानावरची सूचना काढून दाखवली. जिथे यंत्र पोचलं नाही तिथली मापं अंदाजाने आहेत. “वुई नेव्हर लाय. स्कॅन नेव्हर सी, हाऊ टू नो? त्यांना काही लिहायचं असेल तर आधी मला दाखव, ओके?”

मी ओके म्हणाले. तिला ‘चेक’ फाइलबद्दल सांगायचं होतं. तिने मला पहिली नोकरी दिली, प्रत्येक नव्या गिऱ्हाइकासमोर माझ्या वाटचं बोलून मला सांभाळून घेतलं. तिच्यापाशीसुद्धा माझं तोंड उघडलं नाही.

काही दिवसांनी समितीचं पत्र आलं, आम्हा सगळ्यांना एकच. पाच वासे गेल्यावर मागचा सांगाडा उभा ठेवणं धोक्याचं होतं. त्यामुळे स्वयंपाकघर उतरवून लाकडं गावाच्या शेडमध्ये ठेवली होती. एक सलग वासा लोकांना बघायला पुढच्या खोलीत मांडणार होते. घर पहिल्यापासूनच या आकारात होतं, त्या भागात अशी घरं फार थोडी, हेही आता सिद्ध झालं होतं. पत्राचा सूर दिलगिरीचा होता आणि त्यात कुणालाही दोष दिलेला नव्हता. शेवटी लिहिलं होतं, ‘छप्पर उघडण्याआधी हे कुणालाही कळणं शक्य नव्हतं.’

पत्र ज्यांना पाठवलं त्या नावांत मिस रूथचंही नाव होतं.

शनिवारी सकाळी मी ते पत्र आईसमोर ठेवलं. ती ओट्याशी पोह्यांना कांदा चिरत होती. इंग्रजी पत्रं ती चष्मा लावून, ओठ हलवत वाचते.

“बरं झालं की. कुणाला कळणं शक्यच नव्हतं म्हणतायत.”

“मला कळलं होतं.”

आईने सुरी खाली ठेवली. मी तिला सगळं सांगितलं. खोकी, पट्टी, फाइल, मान हलवली ते. सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

“त्या बाईंना अजून वाटत असेल, आजोबांची नुसती गोष्ट होती,” मी म्हटलं.

“नाही गं. ते खरं होतं हे आता कळलंच ना त्यांना.” आईने कांदा बाजूला सारला. “पण त्यांनी तुला विचारलं होतं. तेव्हा तुला माहीत होतं, हे नाही त्यांना माहीत.”

“नोकरी जाईल, आई. वेंडीने तिला दाखवल्याशिवाय लिहू नको म्हणून सांगितलंय.”

“लिहू नको म्हणाली ना?” आईने चष्मा काढला. “त्यांचा नंबर आहे का?”

समितीच्या यादीत तो होता.

“तिथे आत्ता किती वाजलेत?”

“शुक्रवार संध्याकाळचे आठ.”

“मग जाग्या असतील,” आई म्हणाली आणि पुन्हा कांद्याकडे वळली. माझ्याकडे पाठ करून. ते तिने मुद्दाम केलं, हे मला कळलं.

मी फोन घेऊन खिडकीशी गेले. खाली कुणीतरी बांबूवर चादरी वाळत घालत होतं. चौथ्या घंटीला फोन उचलला गेला. मागे टीव्हीचा आवाज होता, मग तो बंद झाला.

“हॅलो?”

मी माझं नाव सांगितलं. त्यांना ते कळलं नाही. “सिंगापूरहून,” मी म्हटलं. “तुमचं घर काढलं ती.”

“अच्छा, ती मुलगी. तुझा आवाज पहिल्यांदाच ऐकतेय मी.”

काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं होतं. दिलगिरी, सावली म्हणजे काय, तुटक रेष म्हणजे काय. कागद हातात होता आणि त्यातलं काहीच कामाचं नव्हतं. त्यांच्याकडचं घड्याळ मला ऐकू येत होतं. त्या वाट बघत होत्या, त्या दिवशी बघितली होती तशीच.

“मिस रूथ,” मी म्हणाले, “तुम्ही मला विचारलं, त्याच्या दोन दिवस आधी मी तो वासा पाहिला होता.”